खिडकीतलं कोपर

नेब्रास्कात, कापल्या मक्याच्या खुंटांमधून
दोन गंजके रूळ. आठवड्यातून दोनदा
धान्याचे सहा डबे, आणि पुढे ती,
एकोणीसशे बावन्नचं डिझेल, नंबर चारशे सात.
चढावर खोकते, काळं ओकते,
मग ओशाळल्यासारखी चालू लागते.

फाटकाशी ट्रायपॉड रोवून मी उभा.
कॉफी केव्हाच गार.
तो एक ढग सरकेल तर बरं.

घरी खोक्यांत तिचेच साडेतीनशे फोटो;
प्रत्येकात खिडकीबाहेर
डेलबर्ट कुचेराचं कोपर.
तेवढ्या जागी रंग उडून पत्रा चकाकतो.

आज ढग सरकला. ऊन हवं तसंच.
काच बंद. आत कुणी पोरगी,
दोन्ही हात कामात.

बोट बटणावरच राहिलं.

शेवटचा डबा गेल्यावर
एक काढला, नुसत्या रुळांचा.
थरथर आली नाही त्यात.