हात न लावण्याविषयी

कायानीच्या शाळेची व्यायामशाळा. दुपारचे तीन,
आणि खिडक्यांबाहेर रात्र.
मागच्या बाकांवर कुणी वाटाण्याचं सूप वाढतंय,
हवेत खडूची पूड, ओल्या बुटांचा वास.

मी ओइवा. तबकड्या चढवणारा.
लाल पंचवीसची, निळी वीसची,
आणि शेवटी ती सव्वा किलोची, बशीएवढी,
जिच्यावरून सारं वर्ष गेलं.
दोन्हीकडे सारखंच. पकडी घट्ट करतो.
एकशे साडेसतरा.
मागच्या वर्षीही एवढंच होतं.

मागच्या वर्षी विर्पी बसली, उठू लागली,
आणि अर्ध्या वाटेत बार थांबला.
थांबला, की मला तसं वाटलं?
तिच्या मानेवरची शीर दिसली
आणि माझे हात माझ्याआधी निघाले.
तीन लाल दिवे.
नियम साधा आहे :
दुसऱ्याचा हात लागला की ते वजन तुमचं नाही.

परतताना शंभर किलोमीटर तिनं ब्र काढला नाही.
रेनडिअर रस्त्यात आलं तेव्हाही नाही.
पेट्रोल पंपावर, कॉफीच्या कपाकडे बघत म्हणाली,
"ओइवा, मी वर येत होते."
एवढंच. मग साखर ढवळत राहिली.
ती साखर घेत नाही.

त्या वाक्यासोबत मी हिवाळा काढला.
बर्फ लोटताना ते फावड्याखाली यायचं.
माझ्या हातांना एकदा उशीर झाला होता,
लाकडाच्या गिरणीत, पट्ट्याजवळ.
ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं.
पण ती टपालखात्यातली, तिला सगळ्यांचं ठाऊक.

मार्चमध्ये तिनं मला अग्निशमन केंद्राच्या तळघरात बोलावलं.
सत्तर किलो खांद्यावर घेऊन खाली गेली
आणि जिथे सगळे अडकतात तिथे मुद्दाम थांबली.
"मोज," म्हणाली.
तीनवर माझे गुडघे लटपटले. तिचे नाही.
"घाबर हवं तर. पण हात तिथेच ठेव."
आठवड्यातून दोनदा, मार्च ते डिसेंबर.
ती अठ्ठावन्न वर्षांची, एका गुडघ्यात स्क्रू,
पहाटे चारला पत्रं लावायला उठणारी.
सराव दोघांचा चालला होता;
घाम तिला कमी यायचा.

आता ती बारखाली शिरते.
अमोनियाची बाटली पुढे केली, ती नको म्हणते.
पंचाचा हात खाली येतो : बस.
ती उतरते, पुरेशी खाली, त्याहून थोडी खाली,
उठू लागते, आणि बार
तिथेच, मागच्या वर्षीच्याच वितीवर,
थांबतो.

माझे तळवे तिच्या काखांपासून चार बोटांवर.
तिच्या पाठीची ऊब त्यांना लागते.
एक.
बाकांवरून कुणी ओरडतंय, नौसे, नौसे, ऊठ.
दोन.
ती शीर. तीच शीर.
तिच्या नाकातून आवाज येतो,
बर्फाखालून पाणी सरकावं तसा.
तीन.
माझी बोटं कापतायत.
कापू देत. तिथेच कापू देत.

मग बार वर गेला म्हणणं खोटं होईल.
बारचं आधी मन बदललं.
नखभर. मग तिळभर, मग काहीच नाही,
मग एकदम वीतभर,
आणि ती उभी.

दोन पांढरे, एक लाल. चालतं.
ती दिव्यांकडे बघत नाही. मागे वळते,
माझे हात उलटेसुलटे करून पाहते
तिच्या पाठीवरचा खडू लागलाय का.
नाही लागलेला.
"हं," म्हणते, आणि सूप घ्यायला जाते.

पुढचीचं वजन एकशेवीस.
सव्वाची काढायची, अडीचची चढवायची.
ती बशीएवढी तबकडी मी उतरवतो
आणि मला ती दोन्ही हातांनी धरावी लागते.