पिवळा दिवा

गाडी सापडली तेव्हा ती बसली होती,
कुत्रं बसतं तशी, मागच्या अंगावर,
सेस्फोन्टेनच्या अलीकडे, कोरड्या नदीच्या वाळूत.
तिच्या सावलीत चार शेळ्या
आणि डॉक्टर हार्टविग ग्रेव्हे,
स्वाकोपमुंडचा दाताचा डॉक्टर, निवृत्त,
मांडीवर माहितीपुस्तक, पान दोनशे बारा.

या गाडीच्या किमतीत
ओपुवोतली आमची अख्खी ओळ विकत येईल,
वर दोन बोअरवेल.
सीट पाठ रगडून देते.
काचेला पावसाचा थेंब आपोआप कळतो,
जिथं सात-सात महिने थेंब नाही तिथं.

मी खाली सरपटलो.
मागची डावी हवेची पिशवी घडीवर चिरलेली,
नखाएवढी चीर.
रस्ता आमचा पन्हाळी पत्र्यासारखा,
त्यावर शंभराच्या वेगानं चारशे किलोमीटर,
आणि घडीत अडकलेला एक खडा.
त्या एवढ्याशा चिरेपायी कॉम्प्रेसर
रात्रंदिवस हवा भरत राहिला,
फुटक्या रांजणात पाणी ओतावं तसा,
आणि जळला.

हे एका दिवसात होत नाही, डॉक्टर.
दिवा लागला असेल.

लागला होता, तो म्हणाला. पिवळा. तीन आठवडे.
मी आत डोकावून पाहिलं:
दिव्यावर, कात्रीनं अगदी नीट गोल कापलेली,
जखमेची चिकटपट्टी.

जुन्या टायरचे ठोकळे धुऱ्यावर बसवून
बापाच्या पिकअपला तिला बांधलं.
पिकअपचं एक दार दोरीनं लागतं.
लोक म्हणतात, जुन्या गाड्या मरत नाहीत.
खोटं आहे, मरतात,
मीच किती पुरल्यात.
पण आधी महिनाभर कण्हतात, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं.
ही बिचारी गुणी.
दुहेरी काचा, लोकरीचं अस्तर,
दुखलं तरी आवाज करायचा नाही
अशा घरात वाढलेली.

विंडहूकहून पिशवी यायला नऊ दिवस लागले.
आली ती उजवी.
मग आणखी सहा.

डॉक्टर आमच्याकडेच राहिला.
लापशी खाल्ली, शेळ्यांना नावं ठेवली,
म्हणजे खरोखरची नावं, जर्मन.
सातव्या रात्री म्हणाला, वाझुवा,
तुझी आई डावीकडून चावत नाही.

माझा काडीवरचा आरसा मागितला,
हरवलेला नट शोधायचा तो.
उकळत्या पाण्यातून काढला.
माझीच बॅटरी माझ्याच हातात दिली: इथं धर. हलू नकोस.
आईनं तोंड उघडलं,
काउनाहोगे, सहा लेकरांची आई,
जी कुणासमोर टोपडंसुद्धा सैल करत नाही.

हे एका दिवसात होत नाही, तो म्हणाला.
दुखलं असेल. कधीपासून?

मी हेरेरोत विचारायला गेलो आणि अडखळलो.
वाक्य ओळखीचं होतं.

आई म्हणाली, त्याला सांग, मुळी चघळते मी,
मग कळत नाही.

दाढ काढावी लागली,
सरकारी दवाखान्यात, उसन्या खुर्चीत.
त्यानं पैसे घेतले नाहीत.
मी मजुरी लावली नाही.
पिशवीचे आणि कॉम्प्रेसरचे मात्र घेतले, पै न् पै.

निघताना मी सांगितलं:
खडीवर टायरची हवा कमी करायची,
फिल्टर दर थांब्याला झटकायचा,
आणि रोज एकदा गाडीखाली वाकायचं,
गुडघे कुरकुरले तरी.
त्यानं आईला सांगितलं: रात्री घासायचे. रोज.
तिनं मान हलवली,
गिऱ्हाईकं माझ्यासमोर हलवतात तशीच.

आता दर महिन्याला फोनवर त्याचे आकडे येतात,
एक पॉइंट आठ, एक पॉइंट आठ,
दोन, दोन.
सुटं चाक: दोन पॉइंट चार.
खाली एकच ओळ: आईची उजवी बाजू?

मी आत जाऊन बघतो.
ती मुळी लपवते, पदराखाली.
मी कळवतो: चालू आहे.
आवाज नाही.
म्हणूनच काळजी वाटते.