गिरणेवरच्या पुलाचे तीन हिशेब

झोपे साहेबांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली,
पण पूल म्हटला की अजून
पाठकोरा कागद ओढतात, पेन्सिलीला टोक करतात.
त्यांच्या हिशेबात आडवे गर्डर कधीच वाकत नाहीत;
डेक कलतो, पण सरळच्या सरळ,
एका बाजूने उचललेल्या पाटासारखा.
कडेचा गर्डर खातो सगळ्यात जास्त.
पंधरा मिनिटांत उत्तर : सात मिलिमीटर.
‘जरा जास्तच येतं,’ म्हणतात, ‘येऊ दे.
रात्री झोप लागते.’

मी ग्रिलेजवाला.
मला पूल बाजेसारखा दिसतो,
उभे पीळ, आडवे पीळ, गाठीगाठीला एकमेकांना धरलेले;
कुणी एका कोपऱ्यात टेकलं
की पार पायथ्याच्या सुतळीलाही कळतं. थोडं.
पावणेसहा.

ताहेरा पिंजारीने डेकचे अठरा हजार तुकडे केले.
भडगावचा मे, रेस्ट हाउसचा बंद कूलर,
लॅपटॉपखाली तिने ओला टॉवेल घातलेला.
चाकांखाली पिवळं, मग हिरवं, मग निळं,
पाच पूर्णांक दोन,
आणि बेअरिंगच्या कोपऱ्यात एक लालभडक ठिपका.
‘हा काय?’
‘तो खरा नाही, सर. जाळी जितकी बारीक करू
तितका वाढत जातो.’
खरा नसलेला तो ठिपका
आम्ही तिघं जरा वेळ बघत राहिलो.

पहाटे चारला डंपर चढवले,
वाळूने काठोकाठ भरलेले, काट्यावर तोललेले.
ऊन पडण्याआधीच उरकायचं असतं;
एकदा तापला की डेक पाठ वर काढतो,
मग वजनाचा वाक कुठला, सूर्याचा कुठला,
सांगता येत नाही.
खाली कोरड्या पात्रात, गुडघे टेकून, टॉर्च तोंडात,
मी सुई वाचली.
चार पूर्णांक एक.

तिघांपेक्षाही कमी!
कठडे, डांबरावर डांबर, गंजून आवळलेली बेअरिंगं,
ज्यांना आम्ही कुणीच हिशेबात धरलं नव्हतं
ते सगळे गुपचूप हात लावून उभे होते.
वरून साहेबांचं हसू ऐकू आलं.
ताहेरा म्हणाली, कठडे घालून पुन्हा चालवते.
मी खांबाला थाप मारली, बैलाला मारावी तशी.

उखा दादा, आमचा वॉचमन,
एवढा वेळ विडी ओढत बसला होता.
उठला. टॉर्च माझ्या हातातून घेतला,
खांबावर वर, आणखी वर नेला.
‘हाई रेघ देखी का? आठपावत वाळू व्हती.’
मी हात उंच केला. रेघ वीतभर लांबच राहिली.
‘तुमी वरथून मोजतस,’ तो म्हणाला,
‘खालथून कोन मोजी?’

तिन्ही हिशेब काढले, बॉनेटवर पसरले.
पेन्सिलीत, शाईत, प्रिंटरच्या फिकट रेषेत
पहिल्याच पानावर तोच त्रिकोण,
त्याखाली तिघांचेही तेच दोन शब्द :
आधार पक्का.

पुलावर डंपर अजून उभेच होते.
फाळक्याच्या फटीतून वाळू
बारीक धारेने गळत होती,
डेकवरून, पन्हळीतून, खाली नदीत.