दोन तास

किती वेळ लागेल, असं कुणी विचारलं
की मी फडक्याला हात पुसत, नजर न मिळवता सांगतो,
दोन तास.
एकवीस वर्षं हेच सांगतोय.
माझ्याआधी या खड्ड्यात उतरणारा म्हातारा मर्डोही हेच सांगायचा,
आणि त्याच्याकडे तर विजेचा पानाही नव्हता.

इशबेल टेट आली ऑगस्टातल्या मंगळवारी, सकाळी आठला,
बॅन्फच्या धक्क्यामागच्या माझ्या गॅरेजात,
कॅम्परव्हॅन घेऊन. पांढरी, म्हणजे एकेकाळची.
मागे टोबार बसवून हवा होता. आजच.
रात्री चौदा पेट्या मधमाश्या
ट्रेलरवरून वर माळावर न्यायच्या होत्या.
हेदर फुललं होतं,
आणि फुलं, ती म्हणाली, तारीख बदलून देत नाहीत.

"दोन तास," मी म्हणालो.

बंपर उतरेपर्यंतच पावणेदहा.
आधीच्या मालकानं मोठ्या हौसेनं
सांडपाण्याची टाकी नेमकी तिथंच टांगलेली
जिथून आडवी तुळई जायची.
घोडं तिथं पेंड खाऊ लागलं.
टाकी सोडवली, तर कुणाच्या तरी
गेल्या उन्हाळ्यातल्या जेवणाचं खरकटं पाणी
थेट माझ्या बाहीत.

मग बोल्ट.
समुद्राकाठची गाडी. मीठ आधी बोल्टच खातं.
तेल मारलं. थांबलो. पुन्हा तेल.
नमनालाच घडाभर झालं
तरी पडदा हलायला तयार नाही.
चौथा बोल्ट मुळाशी तुटला
तेव्हा फर्गसनं, माझ्या सतरा वर्षांच्या उमेदवारानं,
गुपचूप रेडिओ बंद केला.
शहाणा आहे पोरगा. बोलत नाही, पण शिकतोय.

इशबेल टायरांच्या चळतीवर बसून
पेट्यांच्या दारांसाठी जाळीचे तुकडे कापत होती.
घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही तिनं,
आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.
चिडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला येतं.
"अंधार पडेपर्यंत त्या बाहेरच असतात," ती म्हणाली,
"शेवटची घरी आल्याशिवाय दार लावायचं नसतं."
मी तुटका बोल्ट ड्रिलनं पोखरत होतो.
मी हूं म्हणालो.

तीनला तुळई बसली.
टॉर्क पान्यानं आठही वेळा कट्ट म्हटलं.
तेवढ्या खात्रीचा आवाज
मला जगात दुसरा माहीत नाही.

मला वाटलं, झालं.
तेरा तारा राहिल्या होत्या.
त्यांच्यासाठी आतली बैठक उचलली, गालिचा सोलला:
एक लहान मोजा,
डॉमिनोची एक सोंगटी, दोन आणि पाच,
भरती-ओहोटीचं पाच वर्षांपूर्वीचं वेळापत्रक.
इशबेलनं तिन्ही वस्तू बघितल्या.
मोजा खिशात घातला.
आम्ही काही विचारलं नाही.

गाडीच्या मेंदूला मात्र
आपल्यामागे काही जोडलंय हे पटेचना.
उजवा दिवा लागायचा, डावा घाईघाईनं मिचकायचा,
खोटं बोलणाऱ्याच्या पापणीसारखा.
सहा चाळीसला त्यानं कबूल केलं.

बिलावर मी साडेचार तास लिहिले.
उरलेले कुणाचे, ते अजून ठरलेलं नाही.
फर्गसनं गोळ्यावर जुना टेनिसचा चेंडू कापून बसवला,
नडगीला लागू नये म्हणून,
आणि ती गेली.

दहाला शटर ओढणार, तर दारात पुन्हा तीच.
ट्रेलरचा डावा दिवा गेला होता.
माझा दोष नव्हता, ट्रेलरचीच अर्थिंग सैल.
पाच मिनिटं. खरोखरची पाच.
पण वाकलो होतो तेवढ्यात
चौदा पेट्यांची घुमघुम
लोखंडातून माझ्या कोपरात चढली,
खोल, एकसारखी,
जणू तळाशी कुठंतरी इंजिन सुरूच ठेवलंय.

काहीतरी बोलावं म्हणून विचारलं,
"मध भरायला किती वेळ लागतो?"

इशबेल पट्टा आवळत होती.
नजर न मिळवता म्हणाली,
"तीन आठवडे."

फर्गसला हसू आवरेना.
मी त्याच्या हातात झाडू दिला.