कवडीमोल

बायुओला माचाणावर बसवलंय,
अंगात निळ्या पट्ट्यांचा झगा, डोक्याला टोपी,
जणू हामिलेच्या बाजाराला निघालाय
आणि लॉरी यायची आहे.

समोर दोन गिल.
चौदा चौदा लाकडी पट्ट्या, खाली टांगलेले भोपळे,
भोपळ्यांना भोकं,
भोकांवर कोळ्याच्या घरट्याचा पातळ पापुद्रा.
म्हणून इथला कुठलाही सूर
जरासा घोगरा होऊनच बाहेर येतो.

वाजवणाऱ्यांपुढे पैसे टाकायचे असतात.
अक्राहून आलेल्या पुतण्यानं वीस सेडीची कोरी नोट टाकली.
वाऱ्यानं ती उचलली,
बकऱ्यांच्या कुंपणाला नेऊन चिकटवली.
कुणी हसलं नाही. पुतण्या धावला.

पर्पेतुआ उठली.
ज्वारीचं पिटो गाळून गाळून
हिच्या बोटांना साल उरलेलं नाही.
ती चुलीपाशी गेली, पहार घेतली.

या चुलीत एका वर्षी नोटा जळल्या होत्या.
एकोणऐंशी साल. रेडिओनं सांगितलं,
जुने कागद आणा, नवे न्या, दहाचे सात,
जास्त असतील तर दहाचे पाच, मुदत दोन आठवडे.
आणि सीमा बंद.
बायुओ पलीकडे, अपर व्होल्टात,
भुईमूग विकून आलेलं सगळं
त्याच भुईमुगाच्या पोत्यात शिवलेलं.
तो परत आला तेव्हा वा गावच्या बँकेची खिडकी
सहा दिवसांपूर्वीच लागली होती.
तीन दिवस तो काही बोलला नाही.
चौथ्या दिवशी हिनं पोतं उसवलं
आणि हंड्याखाली सारलं.
इतक्या महाग सरपणावर
या गावात कुणाचं पिटो शिजलं नाही.
चव मात्र नेहमीचीच होती.

तिच्याकडे बिस्किटांचा डबाही आहे.
त्यात राजाच्या नावाची पेनी, मधोमध भोक असलेली,
आई ती सुतळीत ओवून कमरेला बांधायची.
मग नवा देश आला, नवा पैसा आला,
मिशनच्या शाळेतले मास्तर म्हणाले,
सेडी म्हणजे दक्षिणेच्या बोलीत कवडीच.
सतरा वर्षांची पर्पेतुआ म्हणाली,
मग कवडी असताना कागदाला कवडी कशाला म्हणायचं?
मास्तरांनी तिला उन्हात उभं केलं.

पुढे दोन हजार सातला चार शून्यं कापली.
रस्तोरस्ती फलक, किंमत तीच आहे, तीच आहे.
बाजारात बायका बोटं मोडून हिशेब करत बसल्या,
ही पिटोची वाटी भरत म्हणाली,
शून्य म्हणजे तरी काय गं, भोकच.
पेनीला एकच होतं,
पण त्यातून सुतळी तरी जायची.

पहार खणकन वाजली.
चुलीच्या राखेखाली, भाजलेल्या मातीखाली
सासूनं पुरलेलं मडकं.
गोऱ्या साहेबाला कर हवा शिलिंगमध्ये,
तेव्हा तिनं हे झाकलं
आणि वर चूल घातली.
वर जाळ, वर्षानुवर्षं.
वर सगळं कवडीमोल होत गेलं,
खाली कवड्या होत्या.

पाठ फुटलेल्या, दात विचकलेल्या, अजून ऊबदार.
पर्पेतुआनं ओंजळ भरली,
गिलच्या पुढ्यात कडक जमिनीवर टाकली.

खळ्ळ.

वाजवणारा क्षणभर चुकला,
मग डावा हात जड करून पुन्हा लागला.
पुतण्या नोट झटकत परत आला.
म्हणाला, काकू, आज यांचा भाव काय?
ती म्हणाली, नोट पडली तेव्हा
तुझ्या काकाला ऐकू आलं असेल का?

वाजवणाऱ्याचा पोरगा उकिडवा बसून
पाच-पाच वेगळ्या करत होता, जुन्या रीतीनं.
शेवटी तीन उरल्या.
त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.
तिच्या मुठीत अजून दोन होत्या.
तिनं मूठ उघडली नाही.