डबा हलवणारे

गाडी चालायची नाही. तेवढं बजेटच नव्हतं.
ग्वाल्हेरच्या यार्डात, गवतात रुतलेला
छोट्या लायनीचा एक डबा;
खालून बांबू घालून आम्ही चौघे तो हलवायचो.
खिडकीबाहेर बन्ने टॉर्च घेऊन पळायचा,
एका फेरीला एक स्टेशन.

भूत म्हणून शिरढोणकरांची वासंती.
चेहऱ्याला तांदळाचं पीठ, त्यानं सारखी शिंकायची.

प्रवाशांत एक म्हातारे. तांबे, रिटायर्ड गार्ड.
दीडशे रुपये आणि दोन कचोऱ्या.
पहिल्याच रात्री म्हणाले, "झोका चुकतोय तुमचा.
सुमावली सोडली की ती डावीकडे कलते."
आम्ही डावीकडे जोर लावला.
तांबे झोपले. खरोखरच झोपले.

कॅमेरा वासंतीवर होता, ती किंचाळत होती,
तेवढ्यात ते उठले, पिशवी सावरली,
"जौरा आलं," म्हणाले
आणि दार ओढून अंधारात उतरले.

कट म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.
कंदील नव्हता हातात,
पण हात वर, आडवा हलत होता,
गवताच्याही पलीकडे.

खांदे भरून आले होते आमचे.
पण गार्डनं हिरवा दाखवल्यावर
गाडी थांबवायची कशी?