अर्धी गोळी

सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टरबाई
केतकीच्या गळ्यातलं फुलपाखरू शोधत राहिल्या.
आहे, म्हणाल्या. पण बारकं.
डावा पंख जवळजवळ नाहीच.

सातव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळाला,
सोबत काय काय गेलं
याची यादी अजून संपत नाही.

ती मात्र मानेवरचं जेल पुसत
भेटेल त्याला विचारते, तुझ्या आईचं नाव काय?
इथे परक्याला ते सांगत नाहीत.
तरी रुवीच्या लिफ्टमध्ये एक म्हातारा ओमानी
काठीवर वाकून तिच्या कानात बोलला.

पहाटे मी ब्लेडने गोळी अर्धी करतो.
मग अर्धा तास दूध नाही.
भुकेली केतकी खिडकीशी बसून
जमवलेल्या आया मोजते:
सुशीला, रोझम्मा, फरीदा…
म्हाताऱ्याची तेवढी सांगत नाही.